गुप्त, छुपं, लपवलेलं: इंग्रजीत नेमका शब्द कसा निवडावा

लातूर, नांदेड, संभाजीनगरच्या अभ्यासिकांत फिरणाऱ्या झेरॉक्स नोट्समध्ये हिडन, सीक्रेट, कोव्हर्ट, क्लँडेस्टाइन, सरेप्टिशस हे सगळे एकाच ओळीत 'समानार्थी' म्हणून असतात. ती ओळ पाठ करून एखादा बहुपर्यायी प्रश्न सुटेलही. पण भाषांतर करताना किंवा बातमी लिहिताना त्यातला हाताला लागेल तो उचलला की वाक्य फसतं. त्यामुळे ती यादी बाजूला ठेवा आणि तीन प्रश्न विचारा: लपलेली ती वस्तू आहे, माहिती आहे की कृती? ती कुणी मुद्दाम लपवली का? आणि कुणापासून?

त्याआधी ठरलेल्या जोड्या उरकून घ्या, त्यात डोकं लावायची गरज नाही. गुप्त मतदान म्हणजे सीक्रेट बॅलट. गुप्तदान मात्र अनॉनिमस डोनेशन, कारण पैसे पेटीत दिसतात, नाव तेवढं झाकलेलं असतं. छुपा हेतू म्हणजे अल्टिरिअर मोटिव्ह, छुपे शुल्क म्हणजे हिडन चार्जेस. गुप्तरोगाला सीक्रेट डिसीज म्हणणं थांबवा, ते सेक्शुअली ट्रान्समिटेड इन्फेक्शन. शेतात सापडलेलं गुप्तधन साध्या मजकुरात हिडन किंवा बरीड ट्रेझर, आणि प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलं असेल तर ट्रेझर ट्रोव्ह. १८७८ च्या कायद्याच्या नावातच तो शब्द आहे.

वस्तू असेल तर निवड बहुधा हिडन आणि कन्सील्ड यांच्यात असते. हिडन कुठेही चालतो, लपवणारा असो वा नसो. कन्सील्डमागे सहसा कुणाचा तरी हात असतो. अजिंठ्याची लेणी झाडोऱ्यात दडलेली होती आणि १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेला पडली. तिथे हिडन लिहा. कन्सील्ड लिहिलं तर कुणीतरी ती मुद्दाम झाकून ठेवली होती असं वाटेल. भिंतीच्या आतून नेलेली वायर मात्र कन्सील्ड वायरिंगच, हे गवंड्यालाही ठाऊक असतं. प्रतिज्ञापत्राच्या शेवटी 'काहीही लपवून ठेवलेले नाही' येतं तिथेही कन्सील्डच, कारण मुद्दा हेतूचा आहे. देवगिरीच्या अंधारीला सीक्रेट टनेल म्हणण्याची खोड फार जुनी आहे. ती वर जाण्याची मुख्य वाटच होती, काळोखी आणि वळणावळणाची, शत्रूला गोंधळात टाकणारी. तिला डार्क पॅसेज म्हणा.

माहिती असेल तर ती कुणाला कळायला हरकत नाही ते पाहा. कर्मचाऱ्याचा गोपनीय अहवाल आहे हे सगळ्यांना माहीत असतं, आतला मजकूर ठरावीक लोकांपुरता असतो, म्हणून तो कॉन्फिडेन्शियल. सीक्रेटच्या बाबतीत अशी गोष्ट आहे हेही बाहेर माहीत नसू शकतं. सरकारी कागदांत मात्र टॉप सीक्रेट, सीक्रेट, कॉन्फिडेन्शियल, रिस्ट्रिक्टेड या उतरत्या श्रेणी आहेत. तिथे एकाच्या जागी दुसरा घालणं म्हणजे कागदाचा दर्जाच बदलणं. श्रेणी कळत नसेल तर क्लासिफाइड लिहून मोकळे व्हा. (वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीही क्लासिफाइडच, त्याला इलाज नाही.)

खरी अडचण कृतीपाशी येते. कोव्हर्ट, क्लँडेस्टाइन, सरेप्टिशस, फर्टिव्ह, स्टेल्थी: इंग्रजी-मराठी शब्दकोश या सगळ्यांपुढे 'चोरटा' किंवा 'गुप्तपणे केलेला' असं लिहून हात झटकतात. इथे करणारा कोण आणि तो नेमकं काय झाकतोय, हे दोन्ही बघावं लागतं.

कोव्हर्ट हा यंत्रणेचा शब्द: हेरखातं, लष्कर, पोलीस. अमेरिकी लष्करी परिभाषेत कोव्हर्ट आणि क्लँडेस्टाइन स्पष्ट वेगळे केलेले आहेत. कोव्हर्ट मोहिमेत सूत्रधार झाकायचा असतो. पूल उडाला हे जगाला दिसतं, कुणी उडवला ते कळत नाही. क्लँडेस्टाइन मोहिमेत मोहीम झाली याचाच पत्ता लागू द्यायचा नसतो. रोजच्या इंग्रजीत ही रेघ इतकी कडक नाही. तिथे क्लँडेस्टाइनला मनाईचा, बेकायदेशीरपणाचा वास असतो. निजाम सरकारने १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी घातली, म्हणून बंदीच्या काळातल्या चोरून घेतलेल्या बैठका क्लँडेस्टाइन मीटिंग्ज. पण हा शब्द माणसाला चिकटवू नका. भूमिगत कार्यकर्ता हा अंडरग्राउंड वर्करच. आणि बायकोला न सांगता तिच्यासाठी आणलेल्या पैठणीला क्लँडेस्टाइन लावलंत तर वाचणारा भलताच संशय घेईल. तिथे साधं सीक्रेट पुरतं.

सरेप्टिशस आणि फर्टिव्ह यांत घोळ सर्वांत जास्त होतो. सरेप्टिशस म्हणजे माणसं समोर असताना त्यांच्या नकळत उरकलेली कृती. फर्टिव्हमध्ये करणाऱ्याची धास्ती त्याच्या अंगावर दिसते. परीक्षेच्या हॉलमध्ये बाकाखालून सफाईने सरकवलेली चिठ्ठी सरेप्टिशस, आणि ती घेण्याआधी पर्यवेक्षकाकडे टाकलेला चोरटा कटाक्ष फर्टिव्ह. म्हणूनच फर्टिव्ह बहुतेक वेळा ग्लान्स, लुक यांच्याबरोबर दिसतो आणि सरेप्टिशस रेकॉर्डिंगबरोबर. स्टेल्थी हा चालीचा शब्द, त्यात दोष नसतो. गौताळ्याच्या जंगलातला दबा धरून पुढे सरकणारा बिबट्या स्टेल्थी. त्याला फर्टिव्ह म्हटलं की तो मंगळसूत्र चोर वाटायला लागतो.

बातम्यांत नेहमी आढळणारी आणखी एक चूक: साध्या वेशातले पोलीस अंडरकव्हर नसतात. ते इन प्लेन क्लोद्ज असतात. खोटी ओळख घेऊन टोळीत शिरलेला तो अंडरकव्हर.

डिस्क्रीट म्हणजे बोभाटा न करता, तारतम्याने. ही स्तुती आहे. स्पेलिंग सांभाळा: शेवटच्या टी-आधी दोन ई शेजारी हवेत. त्या दोन ईंच्या मध्ये टी आला की अर्थ 'सुटेसुटे' होतो, आणि उच्चार तोच असल्याने कानाला चूक कळत नाही.

अजून प्रकट न झालेलं ते लेटंट: अप्रकट उष्मा, सुप्त गुण. डोळ्यांपुढे असून न उलगडणारं ते क्रिप्टिक.

शब्द निवडल्यावर एकदा शब्दयोगी अव्यय तपासा. हाइड, कन्सील, कीप सीक्रेट यांच्यापुढे ज्याच्यापासून लपवलं त्याच्याआधी फ्रॉम येतं, टू कधीच नाही. आणि शंका उरली तर विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश उघडून व्याख्येऐवजी उदाहरणवाक्यं वाचा. तुम्ही जोडलेलं नाम त्या शब्दाबरोबर एकाही वाक्यात दिसत नसेल तर हिडन किंवा सीक्रेटवर परत या.