नोकरी सांभाळून भाजीची रोपे

सकाळी आठच्या बसने पणजी गाठणाऱ्या आणि संध्याकाळी सातला घरी परतणाऱ्या माणसाची रोपे पाण्यावाचून वाळत असतील असे कोणालाही वाटेल. परंतु गोव्याच्या दमट हवेत ती बहुधा जास्त पाण्यानेच मरतात. दिवसभराची कसर भरून काढण्यासाठी रात्री झारीने पाणी ओतले, की माती सकाळपर्यंत चिंब राहते, देठ मातीलगत सडतो आणि कालपर्यंत ताठ असलेले रोप आडवे होते. म्हणून पाणी सकाळीच, आणि तेही खालून द्यावे: बुडाला भोके असलेला ट्रे उथळ ताटात ठेवून त्यात बोटाच्या पेराएवढे पाणी घालावे आणि चहा-आंघोळ उरकल्यावर उरलेले पाणी ओतून टाकावे.

भाटातली (बागायतीतली) तांबडी माती एकटी वापरू नये, कारण ती वाळली की कडक पापुद्रा धरते. भिजवलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत निम्मेनिम्मे घ्यावे. बी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा खोल पेरू नये.

पेरणी पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबरअखेरीस सुरू करावी. मिरचीचे रोप लावणीला यायला साधारण सहा आठवडे, वांग्याचे पाच आणि टोमॅटोचे चार आठवडे लागतात. तेव्हा वाफे एकदमच भरायचे असतील तर मिरची आधी पेरून एका आठवड्याने वांगी आणि आणखी एका आठवड्याने टोमॅटो पेरावा. आगशी किंवा ताळगावच्या वांग्याचे बी हाती लागले तर ते अवश्य लावावे. भेंडी, चवळी, काकडी यांचा मात्र ट्रेमध्ये खटाटोप करू नये. ती थेट जमिनीतच पेरावीत.

पेरणीचा वारही विचारपूर्वक निवडावा. ओल टिकावी म्हणून ट्रेवर वर्तमानपत्र झाकतात, पण पहिले कोंब दिसताच ते काढावे लागते, नाहीतर रोपे अंधारात पांढरी आणि लांबुळकी होतात. टोमॅटो साधारण पाच ते सात दिवसांत उगवतो, म्हणून तो सोमवारी रात्री पेरला तर कोंब बहुधा सुट्टीच्या दिवशी दिसतात. मिरचीला आठ-दहा दिवस लागतात. तिला गुरुवार सोयीचा.

बाल्कांवाची, म्हणजे घरापुढच्या बैठकीच्या ओसरीची, सावली माणसांना सुखाची असली तरी रोपांना पुरत नाही. एका रविवारी नऊ, बारा आणि तीन वाजता घराभोवतीचे ऊन पाहून ठेवावे, आणि जिथे सकाळचे चार-पाच तास ऊन मिळून दुपारी सावली येते तिथेच ट्रे लावणीआधीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत ठेवावा. रोज कचेरीतून येऊन तो हलवता येत नाही.

चार-पाच खरी पाने (उगवतानाच्या पहिल्या दोन बीदलांनंतर येणारी) आल्यावर शेवटचा आठवडाभर पाणी थोडे कमी करून ऊन रोज थोडे वाढवावे. लावणी शनिवारी संध्याकाळी करावी, म्हणजे रोपांना पहिली रात्र गारव्यात मिळते आणि रविवारी दुपारी कोणते रोप माना टाकते ते पाहायला आपण घरी असतो.