प्रकल्प व्यवस्थापन शिकायचंय? बांधकामाच्या जागेवरून सुरुवात करा

प्रकल्प व्यवस्थापन शिकायला बसलेली बरीच मंडळी आधी सॉफ्टवेअर उघडतात. रंगीत पट्ट्यांचा तक्ता तयार होतो, त्यावर तारखाही पडतात. पण या तारखेआधी काय काय पूर्ण झालेलं असायला हवं, असं विचारलं की गडबड होते. माझ्या मते मूळ धडा एकच आहे: कोणतं काम कशासाठी अडलं आहे, हे ओळखता येणं. त्यासाठी घराच्या बांधकामाइतकं स्वच्छ उदाहरण नाही. आपण कोकणातलं एकमजली घर घेऊ. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, वर स्लॅब. घर बांधायचं नसलं तरी वही-पेन घेऊन हा सराव खरोखर करा, नुसतं वाचून तो हाती लागत नाही.

१. हद्द ठरवा

एका पानावर लिहा: काय बांधणार, कधीपर्यंत, किती खर्चात. त्याखाली दुसरी यादी, काय बांधणार नाही त्याची: पडवी नाही, कुंपण नाही, गच्चीवर जिना नाही. मी या दुसऱ्या यादीला जास्त मानतो, कारण वाद तिथूनच उठतात. स्लॅबची तारीख २० मे धरू. कोकणात मोसमी पाऊस साधारण जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येतो आणि वळवाच्या सरी त्याआधीच सुरू होऊ शकतात, म्हणून ही तारीख. तारखेशेजारी तिचं कारण लिहिलेलं असलं की गवंड्यापासून घरमालकापर्यंत सगळे ती गांभीर्याने घेतात.

२. कामाचे तुकडे करा

‘पाया’ हे काम म्हणून फार मोठं आहे. आखणी, खोदाई, तळाचं काँक्रीट, पायाचं बांधकाम, जोत्यात मुरमाची भर, ती ठोकून घट्ट करणं म्हणजे धुम्मस, असे त्याचे तुकडे पाडा. तुकडा बरोबर पडला की नाही, याची कसोटी सोपी आहे: त्याला जबाबदार माणूस एकच असावा, आणि ‘झालं की नाही?’ याचं उत्तर जागेवर उभं राहून देता यावं.

३. कोण कोणासाठी थांबलंय?

इथे घाई करू नका. प्रत्येक तुकड्यापुढे लिहा: ‘याच्याआधी काय व्हायलाच हवं?’ सळई बांधायला सेंट्रिंग (काँक्रीट ओतण्यासाठीचा तात्पुरता साचा) हवं, हे सगळ्यांच्या लक्षात येतं. पण पंख्याचे हूक आणि विजेचे पाइपही काँक्रीट ओतण्याआधीच स्लॅबमध्ये पडायला हवेत, म्हणजे त्या दिवसापर्यंत वायरमन येऊन गेलेला असायला हवा. हे राहिलं की तयार घरात झिऱ्या (पाइपांसाठी खाचा) मारत बसावं लागतं. पावसाळ्यात चिरेखाणी बंद असतात, तेव्हा चिरा त्याआधी येऊन पडायला हवा.

काही कामं माणसासाठी थांबत नाहीत, वेळेसाठी थांबतात. बांधकामाचं भारतीय मानक आयएस ४५६ सांगतं की साध्या पोर्टलंड सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस ओलं ठेवावं. स्लॅबचा गाळा (दोन आधारांमधलं अंतर) ४.५ मीटरपर्यंत असेल तर खालचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठा असेल तर १४ दिवस काढू नयेत. दुप्पट मजूर लावून हे दिवस कमी होत नाहीत. तुमच्या कार्यालयातही अशी कामं असतात: परवानगी, चाचणी, मंजुरीच्या सह्या. ती आधी शोधा.

४. दिवसांचा अंदाज घ्या

मिस्त्रीला ‘किती दिवस?’ असं एकदाच विचारू नका. तीन आकडे मागा: सगळं सुरळीत झालं तर, नेहमीसारखं झालं तर, सगळं बिनसलं तर. समजा भिंतींसाठी ८, १२ आणि २२ दिवस आले. मधल्या आकड्याची चौपट घ्या, बाकीचे दोन मिळवा, ६ ने भागा. ८, ४८ आणि २२ मिळून ७८, म्हणजे १३ दिवस. ही रीत १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पात पुढे आली.

५. सगळ्यात लांबची वाट शोधा

भिंती उभ्या राहिल्या असं धरू. सेंट्रिंग ६ दिवस, सळई ३, विजेचे पाइप १, काँक्रीट ओतणं १, गाळा मोठा धरून टेकू ठेवायचे १४. एकूण २५, त्यानंतर आतला गिलावा. हीच सगळ्यात लांबची वाट. दुसरीकडे खिडक्यांची मापं १ दिवस आणि ग्रिल बनवायला १४, एकूण १५. ग्रिलही गिलाव्याआधी बसायला हवीत. ग्रिलवाला ८ दिवस उशिरा आला तरी गिलावा ठरल्या दिवशी सुरू होतो, कारण त्याच्याकडे १० दिवसांची सवड आहे. सेंट्रिंगवाला एक दिवस चुकला, तर अख्खं घर एक दिवस मागे पडतं. रोज सकाळी कोणाला फोन करायचा, हे आता तुम्हाला नेमकं कळतं. लांबच्या वाटेची ही पद्धत १९५७ च्या सुमारास ड्युपाँट आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांच्या माणसांनी मिळून बसवली. तक्त्यावर रंगीत पट्ट्या ओढायच्या त्या आता.

६. अडचणी आधी लिहा

कोकणात शिमग्याला माणसं पालखीसाठी गावी जातात, काम थांबतं. हे दरवर्षीचं आहे, तेव्हा ते दिवस वेळापत्रकात सुट्टीचेच धरा. वाळू, विहिरीचं पाणी, ठेकेदाराचे हप्ते, यांपैकी प्रत्येकापुढे लिहा: अडलं तर काय करणार आणि निर्णय कोण घेणार.

७. दर आठवड्याला बघा

ठरलेल्या वारी जागेवर जा. काय पूर्ण झालं, पुढे काय, कशासाठी अडलंय, एवढंच विचारा. ‘अर्ध्याहून जास्त झालंय’ हे उत्तर धरू नका. मध्येच घरचं कोणी म्हणेल, ‘पडवीपण घेऊन टाकू.’ लगेच नकार देऊ नका आणि होकारही देऊ नका. दिवस किती वाढतील, पैसे किती लागतील, हे लिहून समोर ठेवा आणि घरच्यांना ठरवू द्या.

एवढं हाताने केल्यावर अभ्यासक्रमाकडे वळा. केंद्र सरकारच्या स्वयम पोर्टलवर एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाचे या विषयाचे अभ्यासक्रम मोफत बघता येतात; परीक्षा द्यायची तर शुल्क पडतं. प्रमाणपत्र हवंच असेल, तर १९६९ मध्ये स्थापन झालेल्या पीएमआय (प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट) या संस्थेची सीएपीएम ही परीक्षा नवशिक्यांसाठी आहे. तिला २३ तासांचं प्रशिक्षण लागतं, कामाचा अनुभव लागत नाही. त्याच संस्थेच्या पीएमपी या वरच्या परीक्षेला मात्र प्रकल्प चालवल्याचा अनुभव दाखवावा लागतो, तेव्हा ती आताच डोक्यात घेऊ नका. त्याआधी तुमच्या कामातला पुढच्या दोन महिन्यांचा एखादा छोटा प्रकल्प निवडा आणि त्याची तिसऱ्या पायरीची यादी आजच लिहायला घ्या.