कच्च्या हिऱ्यांची रवानगी: किंबर्ली प्रमाणपत्रात चूक कुठे होते

हिऱ्याला पैलू पडले की तो कोणत्या खाणीतला हे नुसतं बघून सांगता येत नाही. म्हणून सरकारी तपासणी कच्च्या मालावरच, सीमेवर होते. अंगोला आणि सिएरा लिओनमध्ये बंडखोरांनी हिरे विकून शस्त्रं घेतली. त्यावर उपाय शोधण्यासाठी मे २००० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्लीत बैठक झाली आणि १ जानेवारी २००३ पासून किंबर्ली प्रमाणपत्र योजना लागू झाली. कच्चा माल अशा बंडखोरांकडून आलेला नाही, याचा हा सरकारी दाखला.

आधी माल योजनेत बसतो का ते पाहा. न घडवलेले, किंवा फक्त करवतलेले, फोडलेले वा घासून जुजबी आकार दिलेले नैसर्गिक हिरे यात येतात. त्यांचे एचएस कोड (सीमाशुल्कासाठी मालाचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण क्रमांक) तीन: ७१०२.१०, ७१०२.२१ आणि ७१०२.३१. पैलू पाडलेले हिरे, प्रयोगशाळेत वाढवलेले हिरे आणि हिऱ्याची भुकटी यांना हे प्रमाणपत्र लागत नाही.

मग देश तपासा. देणारा आणि घेणारा, दोन्ही देश योजनेत असायला हवेत; बाहेरच्या देशाशी कच्च्या हिऱ्यांचा व्यवहारच करता येत नाही. युरोपीय संघ इथे एकच सदस्य धरला जातो. जुन्या यादीवर विसंबू नका. काँगोचं प्रजासत्ताक (ब्राझाव्हिल) २००४ मध्ये काढलं गेलं आणि २००७ मध्ये परत आलं; मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकावर २०१३ मध्ये निलंबन आलं आणि २०२४ मध्ये ते उठलं. प्रत्येक सौद्याच्या वेळी यादी नव्याने बघावी.

प्रमाणपत्र निर्यात करणाऱ्या देशाचा नेमलेला अधिकारी देतो. त्यावर देशाच्या दोन अक्षरी संकेतासह स्वतंत्र क्रमांक, दिल्याची आणि मुदत संपण्याची तारीख, निर्यातदार व आयातदार, पुड्यांची संख्या, कॅरटमध्ये वजन, अमेरिकी डॉलरमध्ये किंमत, एचएस कोड आणि अधिकाऱ्याची मोहोर लागते. सगळा माल एकाच देशातल्या खाणींचा असेल तर मूळ देशही लिहायचा. अनेक देशांचा माल एकत्र केला असेल तर ‘मिश्र’ लिहायचं. इथे अंदाजाने एखादा देश भरू नका. खरं मूळ लपवायला हीच जागा वापरली जाते.

सर्वांत जास्त गोंधळ वजनाचा होतो. १ कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, त्यामुळे मालाला चिकटलेली मातीसुद्धा आकडा हलवते. आम्लात उकळून साफ करायचा असेल तर ते आधी उरका, माल पूर्ण वाळवा आणि मगच तोला. प्रत्येक पुडी वेगळी तोला आणि बेरीज एकूण वजनाशी जुळवा. एकाच पेटीत दोन कोडांचा माल असेल तर दोन्हींचं वजन आणि किंमत वेगवेगळी दाखवा. आकडा चुकला तर खाडाखोड न करता नवं प्रमाणपत्र मागा. फेरफार दिसला की कागद गेला.

यानंतर पेटीला सील लागतं. छेडछाड केली तर दिसून येईल अशी पेटी हवी आणि मूळ प्रमाणपत्र तिच्यासोबतच जायला हवं. छायाप्रत चालत नाही. वाटेतल्या देशात पेटी न उघडता जशीच्या तशी पुढे गेली तर तिथे नवं प्रमाणपत्र लागत नाही. मुदतीची तारीख मात्र उड्डाण चुकणं, सुट्ट्या वगैरे धरून मोजा.

माल घेणाऱ्याने घाईने सील तोडू नये. ते तोडलं की पेटीतला माल कागदावरचाच आहे हे सिद्ध करणं जवळपास अशक्य होतं. आधी तुमच्या देशाच्या अधिकाऱ्याकडून सील, क्रमांक आणि वजन तपासून घ्या. तो निर्यात करणाऱ्या देशाला पोच पाठवतो. पोच न गेलेली पेटी दोन्ही देशांच्या आकडेवारीत तफावत म्हणून दिसते. मूळ प्रमाणपत्र किमान ३ वर्षं हाताशी ठेवा.

पुढे पैलू पाडून विकताना जागतिक हिरे परिषदेच्या (हिरे उद्योगाच्या संघटनेच्या) हमी पद्धतीनुसार प्रत्येक बिलावर माल संघर्षमुक्त, म्हणजे बंडखोरांना पैसा न पुरवणारा, असल्याचं निवेदन छापतात. घेतलेली आणि दिलेली अशी बिलं ५ वर्षं जपायची.

एक उणीव ओळखून खरेदी करावी. योजनेची ‘संघर्ष हिऱ्यां’ची व्याख्या वैध सरकारविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांपुरतीच आहे. झिम्बाब्वेतल्या मरांगे इथे २००८ मध्ये लष्कराने खाणकामगारांवर केलेला हिंसाचार तिच्यात बसत नव्हता. तेव्हा प्रमाणपत्र चोख असलं तरी विक्रेत्याला खाणीचं नाव विचारा आणि उत्तर लेखी घ्या.