टर्म्समध्ये ‘फक्त बेंगळुरू कोर्ट’ दिसलं म्हणून हातपाय गाळू नका, या चुका टाळा

एका ऑनलाइन कोर्सचे अठरा हजार भरले आणि दोन महिन्यात लाइव्ह क्लास बंद. रिफंड मागितला तर चॅटवाल्याने टर्म्समधला २३ नंबरचा पॅरा चिकटवला, वाद झाला तर फक्त बेंगळुरूचं कोर्ट. मी घोडबंदर रोडला राहतो, मला ठाणे स्टेशन गाठायलाच तास जातो, तिकडे कुठे जाणार म्हणून तीन महिने गप्प बसलो. पहिली चूक हीच.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चं कलम ३४ बघा, तुम्ही जिथे राहता किंवा नोकरीधंदा करता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. कंपनीने परस्पर लिहिलेल्या एका ओळीने हा हक्क सहसा जात नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी शून्य, आणि ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या सरकारी पोर्टलवर घरी बसून फाइल होतं.

दुसरी गडबड म्हणजे सगळं एकच समजणं. ‘भारताचे कायदे लागू’ हे एक, ‘अमुक शहराचं कोर्ट’ हे दुसरं, आणि आर्बिट्रेशन म्हणजे लवाद (कोर्टाऐवजी तिऱ्हाइताकडून निवाडा) हे तिसरंच. कस्टमर केअरवाले शेवटचं फार ठासून सांगतात, पण लवादाचा क्लॉज असला तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच एमार या बिल्डर कंपनीच्या केसमध्ये सांगितलंय.

नवी मुंबईकरांनो, जिल्हा तपासा! वाशी-नेरुळ ठाणे जिल्ह्यात, खारघर-कामोठे रायगडमध्ये. पत्त्यावर सगळेच नवी मुंबई लिहितात आणि मग तक्रार भलत्याच जिल्ह्यात टाकतात.

बिल धंद्याच्या नावावर घेतलं असेल तर मात्र समोरचा ‘हे ग्राहकच नाहीत’ म्हणणार. स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलं असेल तर सूट आहे, पण ते दाखवावं लागतं. आणि तक्रार करायची मुदत दोन वर्षांची, ‘बघू पुढच्या महिन्यात’ करत बसू नका.

माझी सगळ्यात महागडी चूक वेगळीच. पैसे भरले त्या दिवशी टर्म्सची पीडीएफ सेव्ह केली नाही, नंतर बघतो तर रिफंडचा पॅरा बदललेला, खाली नवी तारीख. नशीब बायकोने कोर्स निवडताना स्क्रीनशॉट काढून आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकला होता, तोच आयोगातल्या तक्रारीला जोडला. तक्रारीची कॉपी कंपनीला मेल केली तर नवव्या दिवशी पैसे खात्यात, पण ‘प्रोसेसिंग’चे सात हजार कापून. त्या सात हजारांचं भांडण अजून चालू आहे.