ऑप्टिमायझेशन पासमधली चूक शोधून ती दुरुस्त कशी करावी

एखादा सी प्रोग्रॅम ओ0 वर (ऑप्टिमायझेशनशिवाय) बरोबर आणि ओ2 वर (ऑप्टिमायझेशनसह) चुकीचे उत्तर देतो, एवढ्यावरून कंपायलरला दोषी धरू नये. पुष्कळदा मूळ कोडमध्येच अनडिफाइन्ड बिहेवियर, म्हणजे ज्याचा परिणाम भाषेच्या नियमांत ठरलेलाच नाही असे वर्तन, दडलेले असते, म्हणून आधी तो प्रोग्रॅम यूबीसॅन आणि अ‍ॅड्रेस सॅनिटायझर ही अशा चुका चालताना पकडणारी साधने लावून चालवावा. मग सी-रिड्यूस या कोड आपोआप छाटणाऱ्या साधनाने उदाहरण लहान करावे. मात्र त्याला दिलेल्या तपासणीच्या स्क्रिप्टमध्येही सॅनिटायझर ठेवावा, नाहीतर कोड छाटता छाटता ते साधन स्वतःच नवे अनडिफाइन्ड बिहेवियर आणून ठेवते आणि आपण भलत्याच गोष्टीच्या मागे लागतो.

दोषी पास, म्हणजे कोडमध्ये रूपांतर करणारा कंपायलरचा एक टप्पा, ओळखण्यासाठी एलएलव्हीएम या कंपायलर-संचात ऑप्ट-बायसेक्ट-लिमिट हा पर्याय आहे. कितव्या पासपर्यंत चालवायचे ते त्यात आकड्याने सांगता येते, त्यामुळे मर्यादा निम्म्या-निम्म्याने बदलत गेल्यास हजार पासांमधूनही सुमारे 10 प्रयत्नांत नेमका पास सापडतो. त्या पासच्या आधीचा आयआर (कंपायलरच्या आतले मधले रूप) जतन करून पुढचे काम ऑप्टवर, म्हणजे आयआरवर हवे ते पास चालवणाऱ्या साधनावर करावे.

खरे काम इथून सुरू होते. समजा, पास (क्ष + य) + झ याचे क्ष + (य + झ) करतो आणि दोन्ही बेरजांवरची एनएसडब्ल्यू, म्हणजे धन-ऋण संख्यांची बेरीज मर्यादेबाहेर जाणार नाही (ओव्हरफ्लो होणार नाही) अशी हमी देणारी, खूण तशीच ठेवतो. 8 बिटांत क्ष = −100, य = 100, झ = 100 घेतल्यास मूळ क्रमाने 0 आणि मग 100 मिळतात; नव्या क्रमात मात्र य + झ = 200 होते, ते 127 च्या पलीकडे जाते आणि निकाल पॉइझन, म्हणजे भरवसा न ठेवता येणारे अवैध मूल्य ठरतो. इथे रूपांतर चुकीचे नाही, त्यासोबत वाहून आणलेली हमी चुकीची आहे. म्हणून पूर्ण रूपांतर बंद करण्याची घाई न करता, ती हमी सिद्ध होत नसेल तेव्हा दोन्ही बेरजांवरची खूण काढावी. केवळ आतल्या बेरजेवरची काढून भागत नाही: 200 गुंडाळून −56 झाले, तरी −100 मध्ये ते मिळवताना बाहेरची बेरीज पुन्हा ओव्हरफ्लो होते.

दुरुस्त केलेला पास चालवण्यापूर्वीचा आणि नंतरचा आयआर अलाइव्ह2 या रूपांतर बरोबर आहे का ते तपासणाऱ्या साधनाला द्यावा. रूपांतर चुकीचे असल्यास ते बहुधा अशीच प्रतिउदाहरणे काढून दाखवते. शेवटी फाइलचेकची, म्हणजे आउटपुट अपेक्षित मजकुराशी जुळवून पाहणाऱ्या साधनाची चाचणी लिहावी. ती आधी जुन्या, चुकीच्या आउटपुटसह स्वतंत्र कमिटमध्ये टाकली, तर दुरुस्तीच्या कमिटमध्ये नेमका बदललेला आयआर परीक्षकाला थेट दिसतो. खूण जिथे सुरक्षितपणे टिकायला हवी, अशी एक चाचणीही सोबत जोडावी.