जुन्या कॅम्पर व्हॅनची कुलपे आणि किल्ल्या दुरुस्त करताना या चुका टाळा

जर्मनीत १९६७ ते १९७९ या काळात तयार झालेल्या फोक्सवॅगन टी-२ व्हॅन आजही ब्रिटनमध्ये हौसेने सांभाळल्या जातात, आणि त्यातलीच एक आमच्या दारात उभी असते. इंजिन, पत्रा आणि रंग यांवर मालक सढळ हाताने खर्च करतात, परंतु कुलपांकडे मात्र किल्ली तुटेपर्यंत कोणी वळूनही पाहत नाही. आमच्या सरकत्या दाराच्या कुलपात भर पावसात अर्धी किल्ली मोडून राहिली. तो तुकडा बाहेर काढला तेव्हा दिसले की तिच्या दात्यांचे कोपरे वापरलेल्या साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत झाले होते.

ती किल्ली नकलेवरून काढलेली नक्कल होती, आणि सर्वांत मोठी चूक हीच. या कुलपांच्या आत पितळी पट्ट्यांची रांग असते; त्यांना वेफर म्हणतात. प्रत्येक पट्टीला मधोमध चौकोनी भोक असते, खाली बारीक स्प्रिंग असते, आणि किल्लीच्या खाचेची खोली पट्टीच्या मापाशी नेमकी जुळली तरच ती सिलिंडरच्या, म्हणजे किल्लीबरोबर फिरणाऱ्या कुलपाच्या गोल गाभ्याच्या, पृष्ठभागाशी समतल होते. सगळ्या पट्ट्या समतल झाल्या की सिलिंडर फिरतो. किल्ली झिजते तेव्हा हा हिशेब केसभराने चुकतो; झिजलेल्या किल्लीवरून यंत्राने नक्कल काढली की तीच चूक नव्या धातूत उतरते आणि वर यंत्राची स्वतःची चूक मिळते. त्यामुळे नक्कल न काढता क्रमांकावरून किल्ली कापून घ्यावी. अनेक गाड्यांत हा क्रमांक दाराच्या हँडलच्या आतल्या भागावर किंवा सिलिंडरच्या अंगावर कोरलेला असतो. मळ हळूच पुसून, टॉर्च तिरपा धरून पाहिले तर तो वाचता येतो. किल्लीच्या पात्याचा आडवा छेद कोणत्या प्रकारचा आहे, हेही कारागिराला सांगावे लागते, कारण या गाड्यांत तो एकच नसतो. क्रमांक कुठेच मिळाला नाही, तर कुलूप उघडून पट्ट्यांच्या मापांवरून किल्ली तयार करणारा जाणकार शोधावा.

दुसरी चूक म्हणजे आजार एका ठिकाणी आणि औषध दुसऱ्याच ठिकाणी. दार उघडे ठेवून किल्ली फिरवून पाहा. उघड्या दारात ती अलगद फिरते आणि बंद दारात अडते, तर कुलूप निर्दोष आहे. बिजागऱ्या सैल झाल्या आहेत किंवा चौकटीवरची पकड सरकली आहे. सरकत्या दारात बहुधा झिजलेल्या चाकांमुळे दार खाली झुकलेले असते. आमचे कुलूप आम्ही दोनदा उघडले, आणि खरा दोष चाकांचा निघाला! इग्निशनमध्येही असेच होते: किल्ली नीट फिरते पण स्टार्टर गप्प राहतो, तेव्हा सिलिंडरच्या मागचा विजेचा स्विच आधी तपासावा, कारण तो वेगळा भाग आहे. उलट, इंजिन चालू असताना किल्ली बाहेर निघत असेल, तर किल्ली आणि पट्ट्या दोन्ही झिजल्या आहेत. अशी गाडी रस्त्यावर आणू नये. त्याच सिलिंडरवर स्टीअरिंगचे कुलूप चालते आणि ते चालत्या गाडीत बसले तर अनर्थ ओढवेल.

अडणाऱ्या कुलपात तेल ओतण्याचा मोह सर्वांनाच होतो. तेलाने दोन दिवस बरे वाटते, मग त्याला धूळ चिकटून चिखल होतो आणि स्प्रिंगा त्यात रुततात. आधी द्रावकाने धुऊन, पूर्ण वाळवून, चिमूटभर ग्रॅफाइटची पूड फुंकावी. तेलावर ग्रॅफाइट कधीही घालू नये.

सिलिंडर कुलपाच्या बाहेरच्या कवचातून काढताना किल्ली आतच असू द्यावी. ती नसेल तर पट्ट्या आणि स्प्रिंगा उडतात, आणि तांदळाच्या कण्यांएवढ्या त्या स्प्रिंगा गॅरेजच्या फरशीवर पुन्हा सापडत नाहीत. पांढरे कापड अंथरावे, पट्ट्यांचा क्रम कागदावर लिहावा. झिजलेल्या किल्लीला जुळवण्यासाठी पट्ट्या कानशीने घासणारे कारागीर मी पाहिले आहेत. त्यांना नम्रपणे थांबवावे, कारण तसे केल्यास चुकीच्या किल्लीनेही कुलूप उघडू लागते. योग्य मापाच्या पट्ट्या बदलून घ्याव्यात. याच पद्धतीने पाचही कुलपे, म्हणजे पुढची दोन दारे, सरकते दार, मागचे दार आणि इग्निशन, एकाच किल्लीवर आणता येतात. नवी तयार हँडल बसवली तर प्रत्येकाची किल्ली वेगळी येऊ शकते, म्हणून मला मूळ हँडल दुरुस्त करणेच पटते.

हँडलला नव्याने क्रोम चढवायचा असेल, तर सिलिंडर काढूनच ते द्यावे. आम्लाच्या हौदात आतले पितळ आणि स्प्रिंगा टिकत नाहीत, आणि खालचे जस्ताचे ओतकामही खड्डे पडलेले असेल तर अधिक खाल्ले जाते. इग्निशनला हात लावण्यापूर्वी बॅटरीची तार सोडवावी. काम झाल्यावर पैसे देण्याआधी करून घेतलेल्या सगळ्या किल्ल्या प्रत्येक कुलपात, आधी दार उघडे ठेवून आणि मग बंद करून, फिरवून पाहाव्यात, आणि किल्लीचा क्रमांक घरातल्या वहीत टिपून ठेवावा. गाडीतल्या पुस्तिकेत तो लिहिला, तर किल्ली हरवल्यावर तो कुलूपबंद दाराच्या आतच राहतो.