शिक्षिका असलेल्या आजीची स्मरणिका कशी काढावी

वर्षश्राद्धाला स्मरणिका लोकांच्या हातात द्यायची असेल तर चार महिने आधी कामाला लागा, आणि दिवस गुरुजींना विचारून पक्का करा. वर्षश्राद्ध तिथीने येतं. तिथींचं वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून इंग्रजी तारखेच्या दहा-अकरा दिवस आधीच ते येऊन ठेपतं. मध्ये अधिक महिना आला तर अठरा-एकोणीस दिवस पुढे जातं. छापखान्याला तारीख सांगताना इथेच घोळ होतो.

सगळ्यात कठीण काम मजकुराचं. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर ‘बाईंबद्दल दोन शब्द लिहा’ असं टाकलंत की चाळीस जणांकडून ‘प्रेमळ, हसतमुख, मनमिळाऊ’ येतं आणि नाव झाकलं तर मजकूर कुठल्याही बाईंचा वाटतो. त्याऐवजी नेमकं विचारा: बाईंनी शिकवलेलं काय अजून हाताला येतं? त्याला साहित्य काय लागायचं? चुकलं की बाई काय म्हणायच्या? नातवंडांनाही हेच: आजी गोष्ट सांगताना कुठे थांबायची, कोडं सुटलं नाही तर उत्तर सांगायची की नाही? प्रत्येकाला २०० शब्दांची मर्यादा घाला. बाईंच्या वयाच्या सहकारी शिक्षिकांना लिहायला लावू नका. घरी जाऊन फोनवर रेकॉर्ड करा. पंखा बंद करा, फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि चार पदरी घडी घातलेल्या नॅपकिनवर ठेवा, नाहीतर टेबलावर ठेवलेल्या कपबशीचा आवाजच जास्त येतो.

सालं कुणालाच आठवत नाहीत. उदाहरणार्थ, नाशिककरांना ‘कोणत्या वर्षी?’ विचारण्यापेक्षा ‘सिंहस्थाच्या आधी की नंतर?’ विचारा, १९८०, १९९१, २००३, २०१५ या खुणा पक्क्या आहेत. त्याआधीच्यांना १९६९चा गोदावरीचा महापूर विचारावा. कागदांवरचा शिक्काही बोलतो: नाशिक शहराच्या शाळेच्या कागदावर ‘नगरपालिका’ असेल तर तो बहुधा १९८२च्या आधीचा, कारण महानगरपालिका त्या वर्षी झाली. नोकरीच्या तारखा मात्र सेवापुस्तकातूनच घ्या.

कल्पक शिक्षिकेच्या स्मरणिकेत निदान चार पानं तिच्या कृतींची हवीत, आणि ती अशी लिहावीत की एखाद्या शिक्षकाला उद्या वर्गात तसंच करता यावं. समजा बाईंची शंभर मण्यांची माळ होती. ‘माळेतून गणित सोपं करून सांगायच्या’ एवढ्यावर थांबू नका. मणी केवढे ते मोजा. १२ मिलिमीटरचे असतील तर शंभर मण्यांना १२० सेंटिमीटर लागतात. दोरी १८० सेंटिमीटरची घ्यावी, म्हणजे मणी सरकवायला वाव राहतो. दोरी आखूड झाली की मणी घट्ट बसतात आणि माळ नुसती भिंतीवर लटकते. दहा लाल, दहा पांढरे असे आलटून पालटून ओवायचे. एका गटात नऊ किंवा अकरा पडले तर पुढची सगळी मोजणी चुकते, म्हणून गाठ मारण्याआधी दुसऱ्याकडून मोजून घ्यावेत. मूल ४७ दाखवताना एकेक मणी मोजत बसलं, तर चार दशक बाजूला सरकवून ‘हे किती?’ विचारायचं आणि सत्तेचाळिसाव्या मण्यानंतर कपड्याचा चिमटा लावायचा. एवढं लिहिलं की बाई पानावर दिसतात. टाचणवहीचं (पाठाची तयारी लिहायच्या वहीचं) एखादं पान, खाडाखोडीसकट, शेजारी छापा.

फोटो अल्बमच्या चिकट पानाला बसले असतील तर ओढू नका. दात साफ करायचा बारीक धागा मागून करवतीसारखा हळूहळू फिरवा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो काचेसकटच स्कॅन करावा. पोस्टकार्डाएवढ्या फोटोला स्कॅन ६०० डीपीआयवर (इंचाला इतके ठिपके), पासपोर्ट फोटोला १२००. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो आक्रसतो, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. तक्ते आणि कातरकाम फ्लॅश न लावता, सावलीतल्या उजेडात, अगदी समोरून टिपा. मूळ तक्ते लॅमिनेट करू नका. उष्णतेने जुना रंग प्लास्टिकला धरतो आणि ते परत सुटत नाही.

आकार डेमी, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. पानं चारच्या पटीत लागतात. आत ३२ आणि वेगळं मुखपृष्ठ पुरे. आतला कागद ९० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) मॅपलिथो, म्हणजे साधा न चमकणारा, मुखपृष्ठ २५० जीएसएम आर्ट कार्ड, मधोमध पिन. एका पानावर अडीचशे शब्द धरा. दोनशे-तीनशे प्रतींपर्यंत डिजिटल छपाई परवडते, पुढे ऑफसेटचा, म्हणजे प्लेट बनवून होणाऱ्या छपाईचा, भाव विचारावा.

मुद्रितशोधनाला दोन दिवस राखून ठेवा. बऱ्याच छापखान्यांत युनिकोड मजकूर जुन्या फॉन्टमध्ये वळवतात आणि तिथे जोडाक्षरं मोडतात. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘कार्यक्रम’, ‘श्रद्धा’ हे शब्द प्रुफावर आधी शोधा. ते नीट असतील तर बाकीचं बहुतेक नीट असतं. विद्यार्थ्यांची नावं मात्र एकेक करून तपासा. आडनाव चुकलेला माणूस बाकीचा अंक वाचत नाही.

पंचवीस-तीस प्रती जास्तीच्या छापा, मागाहून मागणारे असतातच. एक प्रत बाईंच्या शाळेला, एक सार्वजनिक वाचनालयाला द्या. मूळ वह्या-फोटो बटर पेपरमध्ये गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवा, पावसाची ओल धरणाऱ्या भिंतीपासून लांब. डांबराच्या गोळ्या फोटोंना लागू देऊ नका, आणि गणपतीनंतर ऊन पडलं की गठ्ठा उघडून कसर लागली आहे का ते बघा.